हलकं की टिकाऊ

या वादातले मामा टूलरूममध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. ठाण्यातल्या घराच्या बंद केलेल्या गॅलरीत ते आता लोकांच्या गिटारी आणि व्हायोलिनं दुरुस्त करतात. हौस म्हणून सुरू केलं, आता गिऱ्हाईक हटत नाही. त्यांची भाची बरीच वर्षं कॅलिफोर्नियात काढून येत्या जूनमध्ये कायमची परत येते आहे, आणि येताना तिला एक सोप्रानो उकुलेले आणायचं आहे. एकच, पण पुन्हा बदलावं लागू नये असं. त्यावरून व्हिडिओ कॉलवर दोघांची जी जुंपली, ती मी शेजारी बसून ऐकली. मधूनमधून मीही बोललो, पण त्या दोघांनी माझ्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

भाची : मामा, माझं ठरलंय. मार्टिनचं जुनं सोप्रानो, स्टाइल झीरो, १९२०च्या दशकातलं. इथल्या एका दुकानात आहे. पाच-सातशे डॉलरच्या मधे कुठेतरी सौदा होईल.

मामा : शंभर वर्षांचं लाकूड विमानात घालून ऐन जूनमध्ये ठाण्याला आणणार. छान. येताना सरसही आण, लागेल.

भाची : तू ऐकून तरी घे.

मामा : ऐकतोय. पण आधी मला सांग, सोप्रानोच का? माझ्याकडे येणारी पोरं सोप्रानोवर शिकतात आणि वर्षभरात कॉन्सर्ट नाहीतर टेनर घेतात. सगळ्यात छोटं, सगळ्यात स्वस्त, म्हणून पहिलं. तू काही आता शिकाऊ राहिली नाहीस.

भाची : हाच तर घोळ आहे. दुकानदारांनी त्याला पहिली पायरी करून टाकलंय. सोप्रानो हे मूळ वाद्य आहे, बाकीचे आकार मागाहून आले. कॉन्सर्ट आणि टेनर १९२०च्या दशकात निघाले, मोठ्या सभागृहात ऐकू जावं म्हणून. त्याआधी उकुलेले म्हणजे हेच. डोक्यापासून बुडापर्यंत ५३ सेंटिमीटरच्या आसपास, आणि तार वाजते ती लांबी ३४-३५. मदेइराच्या माशेते नावाच्या वाद्यावरून ते बेतलेलं आहे.

मामा : मदेइरा म्हणजे ती दारूवालीच ना?

भाची : तेच बेट. पोर्तुगालचं. तिथली माणसं उसाच्या मळ्यांत काम करायच्या करारावर हवाईला गेली. २३ ऑगस्ट १८७९ला रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज होनोलुलूच्या बंदरात लागलं, त्यात चारशेच्या वर लोक होते. त्यांत तिघं लाकूडकाम करणारे, मानुएल नुनेस, औगुश्तो दियश आणि जुझे दु एश्पिरितु सांतु. ऊस तोडण्यात त्यांचा जीव रमला नाही. करार संपल्यावर होनोलुलूत फर्निचर आणि वाद्यं करायला लागले. राजा कालाकाउआला ते वाद्य आवडलं, दरबारात हुला नाचाच्या साथीला बसलं, आणि मग ते हवाईचंच होऊन गेलं.

मी म्हटलं, त्या काळात गोवासुद्धा पोर्तुगीजांकडेच होता, तिथे व्हायोलिन रुजलं. मामा म्हणाले, गोवा नको काढूस, मग मांडो निघेल आणि रात्र होईल. तिथेच थांबलो.

मामा : बरं, मूळ आहे. मूळ म्हणून चांगलं असं थोडंच असतं?

भाची : सुरावरून सांगते. सफेद एक हा षड्ज धर. वरून खाली चार तारा कोणत्या? प, सा, ग, ध. आणि पहिला पंचम खर्जातला नाही, सा आणि ग यांच्या वरचाच आहे. म्हणजे चारही मोकळ्या तारा एकाच सप्तकात, सगळा पसारा सा ते ध एवढाच.

मामा : (हळूच) प सा ग ध. रे घातला की भूप.

भाची : रे षड्जाच्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. बघ, हात न लावता भूपाचे चार सूर हातात येतात. आणि हे सूर इतके जवळजवळ असल्यामुळे हात फिरवला की ते एकमेकांत मिसळून वाजतात. हल्ली खालचा पंचम लावायची पद्धत आलीये, ती टेनरला शोभते. सोप्रानोच्या एवढ्याशा पोटात खालचा पंचम ढब्ब वाजतो. म्हणून मला हेच हवंय.

मामा : तो ग आणि ध चढा लागणार, पेटीसारखा. ठीक आहे, पेटीचंही आपण चालवून घेतोच. सोप्रानो मान्य. पण मग मार्टिनच का? नावासाठी?

भाची : वजनासाठी.

इथून वाद खऱ्या अर्थानं सुरू झाला. आतापर्यंत मामा हसत होते, आता त्यांनी चष्मा पुसून घातला.

भाची : मार्टिन पेनसिल्व्हेनियातली गिटारवाली कंपनी, तुला माहीतच आहे. त्यांनी १९०७च्या सुमारास पहिल्यांदा उकुलेले करून बघितली. गिटार करणारे लोक, त्यांनी गिटारसारखीच केली. वरची फळी स्प्रूसची, आतून आधाराच्या पट्ट्या भरपूर. मजबूत झाली आणि ठार मुकी झाली. कुणी घेईना. मग १९१५ला सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या दालनानं लोकांना वेड लावलं, सगळ्या अमेरिकेला उकुलेले हवं झालं. तेव्हा मार्टिननं पुन्हा प्रयत्न केला. या वेळी महोगनी, पातळ फळी, आत जेमतेम आधार. ती चालली. इतकी, की १९२६ या एका वर्षात त्यांनी चौदा हजारांच्या वर उकुलेले केली. गिटारीपेक्षा जास्त.

मामा : वर्षाला चौदा हजार म्हणजे कारखान्याचा माल. त्यात सगळी सारखी निघतील असं समजू नकोस.

भाची : म्हणून तर ती आज माझ्या खिशात बसतात. दुर्मीळ असती तर मी नुसती बघत बसले असते. पण मुद्दा तो नाही. गिटारला स्टीलच्या सहा तारा, सगळ्यांचा मिळून ताण सत्तर किलोच्या घरात. इथे चार तारा, त्याही आतड्याच्या किंवा नायलॉनच्या, ताण साधारण पंधरा-सोळा किलो. एवढ्याशा ताणानं लाकूड हलवायचं तर ते हलण्याजोगं नको का? चांगल्या जुन्या सोप्रानोची वरची फळी दीड मिलिमीटरच्या आसपास असते. अख्खं वाद्य साडेतीनशे ग्रॅम भरत नाही कधीकधी. हातात घेतलं की आत काही आहे की नाही असं वाटतं. आणि तार छेडली की मागची पाठसुद्धा पोटाला लागून थरथरते.

मामा : दीड मिलिमीटर. उभ्या धारेत. (माझ्याकडे वळून) याच्यावर मी कोपर टेकलं तरी गेलं.

भाची : म्हणूनच चांगलं आहे ते.

मामा : आता माझं ऐक. तू जे सांगतेस ते यंत्रशास्त्राच्या दृष्टीनं बरोबर आहे. कमी शक्ती, कमी वस्तुमान, जास्त हालचाल. नाकारत नाही. पण तू 'ठेवायला' घेतेयस ना? आणि जे वाद्य मोडायच्या बेतापर्यंत पातळ केलंय म्हणूनच चांगलं वाजतं, ते ठेवायला घ्यायचं, यात तुला काही विसंगत वाटत नाही?

या प्रश्नावर ती पहिल्यांदाच गप्प झाली. माझ्या मते सगळ्या संवादाचं हाड हेच आहे. टेबल, कपाट, पितळेचं पातेलं यांच्या बाबतीत चांगलं आणि टिकाऊ हे जवळजवळ एकच असतं. या वाद्यात ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. जो कारागीर ग्राहकाची तक्रार येऊ नये म्हणून फळी अर्धा मिलिमीटर जाड ठेवतो, तो प्रामाणिक असतो आणि त्याचं सोप्रानो तरीही मठ्ठ वाजतं. आजच्या कित्येक नव्या, घट्टमुट्ट, चकचकीत वाद्यांचं नेमकं हेच झालेलं आहे. पाच वर्षांची हमी द्यायची म्हणजे फळी जाड आली, पट्ट्या आल्या, वर लॅकरचा थर आला.

मामा : आणि इथली हवा विसरलीस तू. जुलैत ठाण्यात आर्द्रता ८५-९० टक्के. लाकूड फुगतं, वरची फळी पोट काढते, तारा वर उचलल्या जातात. मग ऑक्टोबरनंतर उतरतं. तू पुण्याला आईकडे जाशील एप्रिलमध्ये, तिथे दुपारी हवा खणखणीत कोरडी. लाकूड आकसतं, रेषेत चीर जाते. भर म्हणून घरी एसी. आणि जुनी मार्टिन जोडलीत कशानं? जनावराच्या सरसानं. दमट उकाड्यात सरस सुटतो. उन्हात उभ्या गाडीत एक दुपार ठेवलंस की ब्रिज हातात. मागच्याच पावसाळ्यात मी असं एक सोललेलं वाद्य दुरुस्त केलं. पोरगी रडत होती.

भाची : मग मी काय घेऊ तुझ्या मते?

मामा : प्लास्टिक.

भाची : मामा!

मामा : तोंड वाकडं करू नकोस. मारिओ मक्काफेरी माहीत आहे का? जाझवाल्या जँगो राइनहार्टच्या गिटारी ज्या धाटणीच्या, ती सेल्मर कंपनीसाठी ज्यानं बेतली तो. स्वतः उत्तम वाजवणारा, लाकडाचा जाणकार. त्या माणसानं १९४९मध्ये प्लास्टिकचं उकुलेले काढलं, आयलँडर नावाचं. टीव्हीवर आर्थर गॉडफ्री उकुलेले वाजवायचा, त्यानं शिफारस केली, आणि ती लाखांनी खपली. हाच मक्काफेरी युद्धाच्या काळात प्लास्टिकचे कपड्यांचे चिमटे करत होता.

भाची : चिमटे करणाऱ्याचं उकुलेले घेऊ?

मामा : सेल्मर करणाऱ्याचं घे. माणूस तोच. आणि आयलँडर ऐकलंयस का कधी? खेळण्यातलं वाटत नाही. सुराला पक्कं, कारण फ्रेट साच्यातूनच आलेले, एकही चुकायचा नाही. आजही तसं आहे. अमेरिकेत निघालेलं ते फ्ली. मागचं पोट एकाच साच्यातलं प्लास्टिक, वरची फळी प्लायची, बूड सपाट, टेबलावर आपलं आपण उभं राहतं. पावसात ने, किनाऱ्यावर ने, पोरांच्या हातात दे. पेटीतून काढावं लागत नाही म्हणून रोज दहा वेळा उचललं जातं.

भाची : ते खरंय. फ्ली वाईट नाही. मी वाजवलंय. पण त्याचा आवाज एकाच जागेवरून येतो. हळू वाजवलं तरी तोच, जोरात वाजवलं तरी तोच, फक्त मोठा.

मामा : ऑफिसातून दमून आलेल्या बाईला तेवढा पुरतो.

भाची : दमून आल्यावरच तर मला तो दुसरा हवा असतो!

यावर मामांना उत्तर सुचलं नाही. मग तिनंच त्यांना वाट करून दिली.

भाची : बरं, मार्टिन सोडू. कमाका घेतलं तर? हवाईचंच, कोआ लाकडाचं. नवं सोप्रानो हजार डॉलरच्या वर जाईल, पण घेईन.

मामा : कोआ म्हणजे काय जातीचं?

भाची : बाभळीच्या कुळातलं. अकेशिया कोआ. फक्त हवाईतच उगवतं.

हे मात्र मला माहीत होतं, म्हणून मी सांगितलं. कोकणात सामाजिक वनीकरणवाल्यांनी जी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून ठेवली आहे, कोयत्यासारख्या वाकड्या पानांची, तीही त्याच घराण्यातली. त्या झाडाचं पान म्हणजे खरं पान नव्हेच, चपटं झालेलं देठ. कोआचंही तसंच. मामा म्हणाले, म्हणजे आपण सरपणाला तोडतो त्याच्या भावाचे तिकडे हजार डॉलर. तसं नाही म्हणा. कोआचं चांगलं झाड मिळणं कठीण झालंय, आणि त्याच्या रेषांत जी सोनेरी लाट दिसते ती आपल्या रस्त्याकडेच्या झाडात मी तरी पाहिलेली नाही.

भाची : कमाकांचं दुकान १९१६पासूनचं, होनोलुलूत. सॅम्युअल कमाका हा संस्थापक. १९२०च्या दशकात त्यानं अननसाच्या आकाराचं सोप्रानो काढलं, कंबर नसलेलं. १९२८ला त्याचं पेटंट मिळालं. कंबर काढल्यामुळे पोट मोठं झालं आणि कडेच्या पट्टीला वाकवायचं कामही कमी.

मामा : हे शहाणपणाचं. बाजू वाकवताना जळते तिथेच माल फुकट जातो.

भाची : आणि तुला आवडेल असं एक सांगते. त्यांच्याकडे कित्येक कर्णबधिर कारागीर होते. फळी तासताना ते तिच्यावर टकटक करून बोटांना लागणाऱ्या थरथरीवरून जाडी ओळखायचे. कान नाही, बोटं.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. टूलरूममध्ये बोटानं शंभराव्या भागाचा फरक ओळखणारी माणसं त्यांनी पाहिलेली आहेत, आणि मला वाटतं स्वतःही त्यांतलेच.

मामा : नाव काहीही असो. आता तुला सांगतो बघायचं काय. हे लिहून घे, कारण यात तुझं प्रेमप्रकरण चालणार नाही. पहिलं, नट. खुंट्यांच्या खालची ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा येतात. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ उकुलेलेंत दोष तिथे असतो, लाकडात नाही. कारखान्यात खाच पुरती खोल करत नाहीत, कारण जास्त गेली तर तार खडखडते आणि माल परत येतो. म्हणून वरच ठेवतात. मग पहिल्या फ्रेटला तार दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो. गिटारला हे थोडं चालून जातं, पण सोप्रानोची तार एवढीशी, तिला केसभर ताण पडला तरी कानाला लागतो. सी कॉर्ड गोड वाजते आणि एफ वाजवली की दातांत कचकच. का? कारण सी तिसऱ्या फ्रेटवर आणि एफमध्ये गंधाराची तार पहिल्या फ्रेटवर.

भाची : म्हणजे दुकानात आधी एफ वाजवायची.

मामा : आधी मोकळ्या तारा लावायच्या, मग एफ. आणि डोळ्यांनी बघायचं असेल तर तार तिसऱ्या फ्रेटला दाब आणि पहिल्या फ्रेटवर फट बघ. कागद जाईल एवढीच हवी. बाराव्या फ्रेटवर तार अडीच मिलिमीटरच्या आसपास. त्याहून वर असेल तर घोडी घासता येते, खाली असेल तर काय करणार? आणि नट मी करतो इथे. दुकानदाराला कानस लावू देऊ नकोस, खाच एकदा खोल गेली की नवीन नट.

भाची : बारावा फ्रेट नि मोकळ्या तारेचं बाराव्यावरचं हार्मोनिक, दोन्ही जुळतात का बघायचं, ते मला माहीत आहे.

मामा : ते सगळे सांगतात. मी तुला आपली परीक्षा सांगतो. धैवताच्या एकाच तारेवर भूप वाजवत वर जा. तिसऱ्या फ्रेटला वरचा सा, पाचव्याला रे, सातव्याला ग, दहाव्याला प, बाराव्याला ध. आणि खाली मोकळ्या सा आणि प यांच्यावर सारखा हात मार. एकेका फ्रेटला तुला कळेल कुठे बेसूर आहे. मशीनकडे बघायची गरज नाही, तू आठ वर्षं गाणं शिकलीस ते कशाला?

भाची : स्टाइल झीरोला फ्रेट बाराच असतात.

मामा : बरोब्बर पुरले मग.

सगळ्या संवादात मला सगळ्यात उपयोगी वाटलं ते हे. उकुलेले कसं निवडावं यावर पुष्कळ लोक पुष्कळ लिहितात, लाकडांची कोष्टकं देतात, कोआ गोड, महोगनी मऊ वगैरे. एकाच लाकडाची दोन वाद्यं शेजारी ठेवून वाजवा, ती गोड-मऊची भाषा तिथेच गळून पडते. एका तारेवरचा भूप मात्र खोटं बोलत नाही.

मग खुंट्यांवरून छोटीशी चकमक झाली. मामांना जुन्या वाद्यांच्या घर्षणाच्या खुंट्या अजिबात पसंत नाहीत. दाते नसलेल्या, एक फेरा म्हणजे एक फेरा, जरा हललं की सूर उतरला. ते म्हणाले, दोन्ही बाजूंना कानासारख्या निघणाऱ्या दात्यांच्या खुंट्या बसव. ती म्हणाली, मग डोकं जड होतं आणि सोप्रानो छातीवरून खाली झुकतं, शिवाय दिसतं भिकार. गोटो कंपनीच्या ग्रहगतीच्या खुंट्या असतात, बाहेरून साध्या दिसतात आणि आत चारास एक गिअर, त्यांचं नाव निघाल्यावर मामा खुलले. पण जुन्या मार्टिनच्या डोक्याला त्यांच्यासाठी भोक मोठं करायचं का, यावर पुन्हा बिनसलं. ती म्हणाली, अजिबात नाही. मामा म्हणाले, मग रोज खुंटीचा स्क्रू आवळत बस. माझं मत विचाराल तर ज्याला व्हायोलिन लावता येतं त्याला घर्षणाच्या खुंटीची भीती वाटू नये. मामांना येतं. ते नुसते भांडत होते.

भाची : आता जुनं बघताना काय बघू?

मामा : चीर असली तर घाबरू नकोस. रेषेत गेलेली, मागून नीट ठिगळ लावलेली चीर आवाजाला काही करत नाही आणि किंमत मात्र उतरवते. तुझ्या फायद्याची. ब्रिज उचलला असेल तर तोही पुन्हा बसतो. मान वाकली असेल तर सोडून दे, तिच्यात सळई नसते, सरळ करणं खर्चाचं. आणि कुणी वर नवीन पॉलिश मारलंय का बघ. मारलं असेल तर हात जोड आणि बाहेर पड. साल विचारलंस तर दुकानदार काय वाटेल ते सांगेल.

भाची : मार्टिनच्या उकुलेलेंवर नंबर नसतात. अगदी सुरुवातीची थोडी सोडली तर. खुंट्या बघून आणि फ्रेट कसे आहेत ते बघून अंदाज करतात. १९३४च्या सुमाराआधीचे फ्रेट सपाट पट्टीचे, नंतरचे टी आकाराचे.

मामा : तू घेणारच असं दिसतंय. मग आता एक शेवटचं. त्याचा फिंगरबोर्ड कशाचा आहे?

भाची : रोजवुड. शिसवी.

मामा : कुठलं शिसवी?

भाची : म्हणजे?

मामा : म्हणजे आपल्याकडचं की ब्राझीलचं? मार्टिन आपल्याकडचं शिसवी वापरायला लागली ती १९६९च्या सुमाराला. त्याआधीचं बहुधा ब्राझीलचं. आणि ब्राझीलचं शिसवी १९९२पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. वाघ असतो त्या यादीत. वाद्य कितीही जुनं असो, देशाची सीमा ओलांडायची तर त्याचा दाखला लागतो. आपल्याकडचं शिसवी दुसऱ्या परिशिष्टात, आणि तयार वाद्यांना २०१९पासून त्यातून सूट मिळालीये. मोठी गिटार असो की तुझं हे पिल्लू, कायदा एकच.

भाची : एवढीशी पट्टी? फूटपट्टीपेक्षा लहान आहे ती!

मामा : मोजायला कस्टमवाला बसलाय का तिथे? तो झाडाचं नाव विचारणार.

ती बराच वेळ काहीतरी शोधत होती. एवढा वाद झाला, हवा झाली, सरस झाला, दीड मिलिमीटर झालं, त्यातल्या कशानंही ती हलली नव्हती. मामांनी तिला हरवलं ते कागदावर.

भाची : दाखला काढता येतो. पण जूनच्या आत मिळेलच असं नाही.

मामा : मग दाखला येईपर्यंत तिकडेच कुणाकडे ठेव. नाहीतर त्याच घडणीचं नवं बघ. तू मघाशी म्हणालीस ना, वजनासाठी मार्टिन, नावासाठी नाही.

भाची : जपानची किवाया आहे. ती लोकं मार्टिनच्याच धर्तीवर करतात, पातळ, हलकी. ओहानाचं एसके-३८ आहे, जुन्या मार्टिनची सरळ नक्कल, घर्षणाच्या खुंट्यांसकट, आणि बरंच स्वस्त. पूर्ण महोगनी, वरची फळी प्लायची नाही.

मामा : दोन्ही बघ. जाताना स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन जा.

भाची : दुकानात हसतील.

मामा : हसू देत. चारशे ग्रॅमच्या आत भरलं तर पुढे एफ वाजव. चारशेच्या वर गेलं तर वाजवूसुद्धा नकोस, उगाच जीव जडेल. आणि पेटी घट्ट बंद होणारी घे, आत आर्द्रतेचा छोटा काटा ठेव, ४५ ते ५५च्या मधे. पावसाळ्यात सिलिकाच्या पुड्या, एप्रिलमध्ये पुण्याला नेलंस तर ओला स्पंज डबीत घालून. तारा फ्लोरोकार्बनच्या आण दोन-तीन जोड, त्या हवेनं कमी हलतात.

भाची : म्हणजे लाकडाचंच घ्यायचं. तू मान्य केलंस.

मामा : मी वजन मान्य केलं. पेटीतून किती वेळा बाहेर काढतेस ते बघू.

भाची : रोज.

मामा : जुलैत विचारीन.

भाची : बरं, मग तुझ्यासाठी ते फ्ली आणू का? एवढं कौतुक करत होतास.

मामा : मला कशाला? मी काय वाजवणार आहे? (थोडं थांबून) रंगात मिळतं ना ते? गुलाबी सोडून काहीही चालेल.